बरोबरीचे चिन्ह

व्यापारी घरातील मुलाला गणिताचे भय सहसा नसते. शेकडा, दराचा फरक, कसर, कडता हे शब्द शाळेच्या आधीच त्याच्या कानावर पडलेले असतात. पाच-सात जिनसांची बेरीज तोंडी करून गिऱ्हाइकाला उरलेले पैसे परत देणारा दहा वर्षांचा मुलगा आपल्याकडे कोणाला नवलाचा वाटत नाही. परंतु हाच मुलगा एखाद्या मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसतो, तेव्हा गणितात कमावलेले इंग्रजीच्या पानावर गमावून बसतो. त्यातही व्याकरणाचे नियम पाठ करता येतात, शुद्धलेखन गिरवता येते. अडते ते समानार्थी शब्दांपाशी, आणि विशेषतः क्रियापदांपाशी. नाम हे वस्तूचे असते, वस्तू दाखवता येते. क्रियापद हातात धरून दाखवता येत नाही.

सैनिक शाळेच्या इयत्ता नववीच्या प्रवेशपरीक्षेचे उदाहरण घेतले, तर या अडचणीचे वजन लक्षात येते. महाराष्ट्रात १९६१ साली साताऱ्याला आणि २०१९ साली चंद्रपूरला सैनिक शाळा सुरू झाली. देशभरातील अशा शाळांसाठी एकच परीक्षा होते. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतूनही देता येते. नववीची मात्र केवळ इंग्रजीतून. चारशे गुणांपैकी २०० गुण गणिताचे, आणि इंग्रजी, बुद्धिमत्ता, सामान्य विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी ५०. इंग्रजीचे प्रश्न अवघे २५. हिशेबी मन लगेच म्हणेल की आठव्या हिश्शासाठी एवढी धास्ती कशाला? पण गणिताचा प्रश्नसुद्धा इंग्रजीतूनच वाचावा लागतो. शिवाय प्रत्येक विषयात किमान गुण मिळवण्याची अट असते. एका विषयातील नफा दुसऱ्या विषयाच्या तोट्यात वळता करून घेण्याची सोय तेथे नाही.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे शिरपूर जैन या नावाने देशभर ओळखले जाते. तेथील एका किराणा-भुसार दुकानदाराच्या नातवाने आठवीत असताना या परीक्षेचा ध्यास घेतला. मुलगा मराठी माध्यमाचा, गणितात तरबेज. घरात प्रथम थोडी कुरबुर झाली. आजीला खाण्यापिण्याची चिंता, आणि त्याहून मोठी चिंता, की अहिंसेच्या घरातील मूल सैनिकी शाळेत कसे? तेव्हा आजोबांनी चामुंडरायाचे नाव घेतले. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती ज्याने घडवून घेतली, तो गंगराजांचा सेनापतीच होता. आजी त्यावर काही बोलली नाही, पण तिने विरोधही केला नाही. नातवासाठी शिकवणी लागली.

शिकवणीत एक छापील पुस्तिका मिळाली. तीत तीनशे इंग्रजी क्रियापदे होती. डावीकडे एक शब्द, मध्ये बरोबरीचे चिन्ह, उजवीकडे दुसरा शब्द. आस्क बरोबर इंटरॉगेट. बिगिन बरोबर कमेन्स. गिव्ह अप बरोबर अबँडन. रोज वीस शब्द या हिशेबाने मुलाने पाठांतर चालवले. पाढे पाठ करण्याची सवय असल्याने आषाढ संपेपर्यंत पुस्तिकेचा मोठा भाग त्याला मुखोद्गत झाला. डावीकडचा शब्द विचारताच उजवीकडचा ओठांवर येई.

मग पहिली सराव परीक्षा झाली आणि पंचवीसपैकी नऊच उत्तरे बरोबर आली. एका प्रश्नात वाक्य होते, की डॉक्टरांनी रुग्णाला साखर सोडण्यास सांगितले. मुलाने रिकाम्या जागी अबँडन हा पर्याय निवडला. पुस्तिकेत तशी बरोबरी छापलेलीच होती. दुसरीकडे त्याने जेवायला बसणे यासाठी कमेन्स वापरले. आणि शंका विचारायला उभा राहिला, तेव्हा नवा शब्द वापरण्याच्या उत्साहात शिक्षकांनाच म्हणाला, की मला तुम्हाला इंटरॉगेट करायचे आहे. वर्ग हसला. चोराला कोठडीत बसवून पोलीस जे करतात ते इंटरॉगेट, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी घरी येऊन त्याने पुस्तिका कपाटावर टाकली आणि परीक्षेला बसायचे नाही असे जाहीर केले. पाठ केलेले चुकते, हा अनुभव त्याला नवा होता. सत्तावीस नव्वे दोनशे त्रेचाळीस हे एकदा पाठ झाले की आयुष्यभर दगा देत नाही. शब्दांनी मात्र दगा दिला होता.

आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हते असे नाही. पावतीवरील मजकूर, औषधाचे नाव, रेल्वेची पाटी एवढे येत होते. त्यांनी ती पुस्तिका कपाटावरून काढली, चष्मा लावून चाळली आणि नातवाला विचारले, "हे मधले चिन्ह कशाचे?"

"बरोबरीचे, आजोबा."

"रोजमेळात जमा आणि नावे यांची बेरीज पैशापर्यंत जुळली, तरच आपण ती बरोबर म्हणतो. येथे ती जुळते का, हे कोणी तपासले आहे का?"

मुलगा गप्प राहिला. आजोबांनी गल्ल्याजवळचा एक कागद ओढला. "समज, तुझी आजी शेजारून वाटीभर साखर आणते. ती काय करते?"

"उसनी आणते."

"आपल्या दुकानातून कोणी महिनाअखेरीच्या बोलीवर साखर नेली तर?"

"उधार नेली."

"तुझ्या बाबांनी दुकानाच्या माडीसाठी बँकेतून पैसे आणले ते?"

"कर्ज काढले."

"आणि आपला हमाल दिवाळीआधी मजुरीतून वळते करायचे म्हणून पैसे मागतो, ती?"

"उचल घेतो."

"चारही ठिकाणी दुसऱ्याचे घेतले आणि परत करायचे कबूल केले. मग या चौघांत बरोबरीचे चिन्ह घाल बरे. आजीने वाटीभर साखरेचे कर्ज काढले, असे म्हणून पाहा."

मुलगा हसला, पण यावेळी हसणारा तो स्वतः होता. उसन्याला व्याज नसते आणि ते बहुधा त्याच वस्तूने फेडायचे असते. उधारीला माल असतो आणि वही असते. कर्जाला व्याज आणि तारण असते. उचल श्रमाने फिटते. अर्थाचे मूळ एक, पण प्रत्येक शब्दाची जागा निराळी, माणसे निराळी, अटी निराळ्या. हे त्याला कोणी शिकवले नव्हते आणि तरीही त्यात त्याची एकही चूक होत नव्हती. कारण हे शब्द त्याने यादीतून उचललेले नव्हते. माणसांच्या व्यवहारातून ते त्याच्याकडे आले होते.

दुकानाबाहेर शेतमालाच्या गाड्या लागलेल्या होत्या. आजोबांनी तोच धागा पुढे नेला. कापूस वेचतात, फूल खुडतात, शेंगा तोडतात, भुईमूग उपटतात, सोयाबीन सोंगतात. पीक घरी आणण्याच्या या पाच क्रिया आहेत आणि हाताची हालचाल प्रत्येकीत वेगळी आहे. वऱ्हाडातील कोणताही शेतकरी सोयाबीन वेचतो म्हणणार नाही. आणि म्हणालाच, तर मळणीनंतर जमिनीवर सांडलेले दाणे तो गोळा करतो आहे असाच अर्थ होईल. इंग्रजीतही पिक, प्लक, रीप आणि अपरूट या शब्दांत हाच भेद आहे. मुलाला ते शब्द परके वाटत होते, परंतु त्यांच्यातील भेद मात्र त्याच्या अंगणातलाच होता.

इंग्रजीत एकाच क्रियेला इतके शब्द का, याला इतिहास आहे. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबार आणि न्यायालय फ्रेंच बोलत होते, धर्मपीठ आणि विद्वान लॅटिन लिहीत होते, आणि शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात जुनी इंग्रजीच चालू होती. हळूहळू तिन्ही प्रवाह एकत्र आले, पण प्रत्येक शब्दाने आपल्या घराण्याचा वास टिकवून ठेवला. आस्क हा घरातला शब्द, क्वेश्चन फ्रेंचांकडून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधून घेतलेला. बिगिन साधा, कमेन्स समारंभाचा, इनिशिएट कागदोपत्री. बाय बाजारातला, पर्चेस पावतीवरला.

मराठी माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये, कारण मराठीचे घर असेच तीन मजली आहे. घेणे हा प्राकृतातून आलेला शब्द, खरेदी फारशीतून आलेला, क्रय संस्कृतातला. भाजी घेतात, जमीन खरेदी करतात, आणि क्रय हा शब्द करारपत्रात किंवा पोथीत भेटतो. काम संपते, गोष्ट खतम होते, ग्रंथ समाप्त होतो. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरीही खरेदी राहिली, दुकान राहिले, हिशेब राहिला. नवा शब्द आला म्हणून जुना गेला नाही. दोघांनी कामे वाटून घेतली. समानार्थी शब्द बहुधा असेच नांदतात.

आजोबांच्या स्वाध्यायात याहूनही जवळचा आधार होता, आणि तो त्यांना त्याच रात्री आठवला. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायाच्या अखेरीस नयांची चर्चा येते. वस्तूकडे पाहण्याचे जे सात दृष्टिकोन आपल्या आचार्यांनी सांगितले, त्यांतील शेवटचे तीन शब्दाशी निगडित आहेत. शब्दनय लिंग, वचन, काळ यांचा भेद मानतो. परंतु ते जुळत असतील तर पर्यायी शब्दांचा अर्थ एकच समजतो. समभिरूढ नय एक पायरी खाली उतरतो आणि म्हणतो, की शब्द बदलला म्हणजे अर्थही बदलला. इंद्र, शक्र आणि पुरंदर ही एकाच देवराजाची नावे; पण ऐश्वर्य भोगतो म्हणून इंद्र, समर्थ आहे म्हणून शक्र, नगरांचा भेद करतो म्हणून पुरंदर. एवंभूत नय त्याहूनही काटेकोर आहे. ती क्रिया प्रत्यक्ष चालू असेल तेव्हाच तो शब्द लावायचा. पूजा करीत असतानाच पुजारी, एरवी नाही.

यांपैकी कोणताही नय खोटा नाही, हेच तर अनेकान्ताचे सांगणे आहे. पुस्तिकेतील बरोबरीचे चिन्हही सर्वस्वी खोटे नव्हते. ते शब्दनयापाशी थांबलेले होते. नव्या शब्दाची पहिली ओळख करून घेताना तेवढे पुरते. शब्द वापरायची वेळ आली की समभिरूढ नयाकडे जावे लागते. परीक्षेच्या प्रश्नाची भाषा नीट वाचली तर तीही हेच सांगते. अर्थाने सर्वात जवळचा शब्द निवडा, असे तेथे म्हटलेले असते. समान शब्द निवडा, असे क्वचितच असते. जवळचा म्हणजे कोणत्या वाक्यात, कोणाच्या तोंडी, कोणत्या कामासाठी जवळचा, हे पाहूनच उत्तर ठरते.

शब्दांच्या अशा मोजदादीची परंपरा आपल्याला नवी नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात अभिधानचिंतामणी हा पर्यायी शब्दांचा मोठा संस्कृत कोश रचला. धनंजय कवीची नाममाला विद्यार्थी पिढ्यानपिढ्या पाठ करीत आले. हेमचंद्राचार्यांच्या आधी, विक्रम संवत १०२९ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकात, धारानगरीच्या धनपाल कवीने पाइयलच्छी नाममाला हा प्राकृत शब्दांचा कोश लिहिला. तो त्याने राजासाठी लिहिला नाही, पंडितांच्या सभेसाठीही नाही. आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी लिहिला. माळव्याच्या सैन्याने मान्यखेट लुटले त्या धामधुमीच्या वर्षी एक भाऊ बहिणीसाठी पर्यायी शब्द गाथांत ओवीत बसला होता, ही नोंद त्या कोशातच आहे. आजोबांनी ही हकीकत सांगितली, तेव्हा नातवाने एवढेच विचारले, की सुंदरीचीही परीक्षा होती का? त्याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून पाठांतराची पद्धत बदलली. पुस्तिकेतील तीनशे शब्द फोडून त्यांचे साठ-सत्तर गट केले. प्रत्येक गटासाठी लांब वहीचे एक पान. प्रत्येक शब्दाला चार प्रश्न. ही क्रिया कोण करतो? कोणावर किंवा कशावर करतो? किती जोराने अथवा किती वेळ? आणि हा शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत बसतो? चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा ठरला. माणूस जसा संगतीवरून कळतो, तसा शब्दही कळतो.

पाहण्याच्या गटाचे पान असे तयार झाले. ग्लान्स म्हणजे ओझरता कटाक्ष. गिऱ्हाईक घाईत भाव विचारताना मालावर टाकते तो. स्टेअर म्हणजे टक लावणे, आणि त्यात थोडा उद्धटपणा आहे. गेझही दीर्घकाळ पाहणे, पण त्यात कौतुक किंवा तंद्री आहे. पीप म्हणजे फटीतून डोकावणे. इन्स्पेक्ट म्हणजे अधिकाराने तपासणे. वजनकाट्यांची तपासणी करायला येणारा निरीक्षक करतो ते. ऑब्झर्व्ह म्हणजे लक्षपूर्वक निरीक्षण करणे. आणि येथेच एक मौज निघाली. ऑब्झर्व्ह हाच शब्द उपवासाच्या संगतीत आला की त्याचा डोळ्यांशी संबंध राहत नाही; तेथे त्याचा अर्थ व्रत पाळणे असा होतो. पर्वाचे दिवस जवळ आलेले असल्याने हा अर्थ मुलाच्या पक्का लक्षात राहिला. एका शब्दाला दोन घरे असू शकतात, म्हणून आधी वाक्य वाचावे आणि मगच पर्याय पाहावा, हा नियम त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

सोडण्याच्या गटाला घरातल्या सर्वांनी हातभार लावला. आजीने चातुर्मासात काही भाज्या वर्ज्य केल्या, ते गिव्ह अप. बाबांनी जुनी नोकरी सोडून दुकान धरले, ते क्विट. हक्क असूनही वडिलोपार्जित वाट्यावरचा दावा सोडला, तर ते रेलिंक्विश. दीक्षार्थी संसाराचा त्याग करतो, ते रिनाउन्स. आणि ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे त्याला वाऱ्यावर टाकून निघून जाणे, ते अबँडन. "म्हणजे डॉक्टरांनी साखरेला वाऱ्यावर टाकायला सांगितले, असे मी लिहिले होते!" असे म्हणून तो स्वतःच खूप हसला. चूक कोठे झाली ते कळले, की चुकीची लाज उरत नाही.

भाद्रपदात क्षमेच्या गटाची पाळी आली, आणि ती नेमकी क्षमापनेच्या दिवसानंतरच्या आठवड्यात आली. या गटात पाच शब्द होते. एक्सक्यूज म्हणजे लहानशा प्रमादाची माफी. गर्दीत पाय लागला, सभेतून मध्येच उठावे लागले, तर ते. पार्डन अधिकाराच्या जागेवरून मिळते. राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना आणि १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा अधिकार आहे, तो या शब्दाचा. कंडोन म्हणजे चूक दिसत असूनही तिच्याकडे काणाडोळा करणे. त्यात क्षमेपेक्षा दुबळेपणा अधिक. वेव्ह म्हणजे आपला हक्काचा आकार, व्याज किंवा येणे सोडून देणे. समुद्राच्या लाटेचा उच्चार तोच, स्पेलिंग निराळे. आणि फर्गिव्ह म्हणजे मनातला राग काढून टाकून क्षमा करणे. तिला अधिकार लागत नाही, कागद लागत नाही.

या पाचांत न बसणारा सहावा शब्द आजोबांनी घातला. बँकेच्या व्यवहारात निर्लेखन नावाची एक गोष्ट असते, इंग्रजीत राइट ऑफ. वसूल न होणारे कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. सामान्य माणसाला वाटते कर्ज माफ झाले. तसे नसते. कर्जदाराकडचे येणे तसेच राहते आणि वसुलीचे प्रयत्नही चालू राहतात; फक्त बँकेच्या ताळेबंदात ते दिसत नाही. माफी आणि निर्लेखन या दोहोंत बरोबरीचे चिन्ह घालणाऱ्याची मोठी फसगत होते. "हाही वहीत लिही," आजोबा म्हणाले, "परीक्षेत येईल न येईल, व्यवहारात उपयोगी पडेल."

मुलाने सहाही शब्द लिहिले. चार प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता तो थांबला. आजोबांचे धाकटे भाऊ त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे राहत. चौदा वर्षांपूर्वी गोदामाच्या वाटणीवरून बोलणे तुटले होते. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी मंदिराच्या आवारात दोघे समोरासमोर येत, हात जोडत, ठरलेले शब्द उच्चारत आणि आपापल्या वाटेने जात. यंदाही तसेच झाले होते.

"आजोबा," मुलाने विचारले, "धाकट्या आजोबांना तुम्ही यांतले कोणते केले?"

प्रश्नात आगळीक नव्हती. त्याला खरोखरच कोणत्या शब्दापुढे उदाहरण लिहायचे ते कळत नव्हते. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दुकानात गिऱ्हाईक आले, ते आजोबांनी मुनीमाकडे पाठवले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "निर्लेखन. वहीतून काढून टाकले होते. येणे मात्र सोडले नव्हते."

मुलाने ते उदाहरण वहीत लिहिले नाही. काही घरगुती नोंदी वहीत घ्यायच्या नसतात, एवढे त्याला कळत होते. तीन-चार दिवसांनी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून आजोबा एकटेच बाहेर पडले आणि चार गल्ल्या ओलांडून गेले. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी घरी सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात एका सकाळी धाकटे आजोबा दुकानात आले, गादीवर टेकले, तुरीच्या भावाविषयी बोलले आणि अर्धा तास बसून गेले. आजीने आतून दोन वेळा चहा पाठवला. गोदामाचा विषय निघाला नाही. तो निघण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

परीक्षा थंडीत झाली. त्याआधीच्या अखेरच्या सराव चाचणीत मुलाला इंग्रजीच्या पंचवीसपैकी एकोणीस प्रश्नांची उत्तरे बरोबर आली होती. पाठ केलेल्या शब्दांची संख्या मात्र पूर्वीपेक्षा वाढलेली नव्हती. तीनशेपैकी काही शब्द तर त्याने मुद्दाम गाळले होते, कारण त्यांना लावायला त्याच्याजवळ एकही खरे वाक्य नव्हते. इंग्रजीच्या मराठमोळ्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. शंभर शब्द त्यांच्या संगतीसह माहीत असणे, हे तीनशे शब्द बरोबरीच्या चिन्हासह माहीत असण्यापेक्षा परीक्षेतही अधिक फळते. उत्तराचे चार पर्याय समोर असताना दोन तर संगत न जुळल्यामुळेच गळून पडतात, आणि उरलेल्या दोहोंत निवड करणे सोपे जाते.

निकालात त्याने प्रत्येक विषयातील किमान गुणांची अट सहज ओलांडली होती, पण गुणवत्ता यादीत त्याचा क्रमांक प्रतीक्षेत राहिला. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, अशी ती परीक्षा आहे. जूनमध्ये तो शिरपुरातूनच नववीत गेला. घरात दोन दिवस उदासी होती, तिसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे संध्याकाळी गल्ल्यावर बसला. पूर्वी इंग्रजीतून आलेला मालाचा कागद तो बाबांकडे सरकवीत असे. आता तो स्वतः वाचून अर्थ सांगू लागला आहे. कंपनीने आगाऊ रकमेवरील आकार वेव्ह केला आहे की केवळ पुढे ढकलला आहे, हा भेद त्याच्या नजरेतून सुटत नाही.

लांब वही आता त्याच्या धाकट्या बहिणीकडे आहे. ती सहावीत आहे आणि तिला अजून दोन वर्षे अवकाश आहे. वही देताना त्याने पहिल्या पानावर, ऑब्झर्व्हच्या नियमाखाली, आणखी एक ओळ लिहिली, की ही वही भेट नसून उसनी दिलेली आहे. उसने त्याच वस्तूने फेडायचे असते, हे बहिणीला ठाऊक आहे. म्हणून तिने स्वतःच्या अक्षरात एक नवा गट सुरू केला आहे. देण्याचा गट. गिव्ह, डोनेट, ग्रँट, बिस्टो, लेंड. त्यातील लेंडपुढे उदाहरणाचे वाक्य लिहायला तिला कोणालाही विचारावे लागले नाही.